साहेब, कॉम्प्युटरातला तो पूल आमचा नव्हे

माननीय मुख्य अभियंता साहेब, आणि पुलांचं काम बघणारे सगळे साहेब लोक,

नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या पंचायतीच्या हॉलमध्ये तुमच्या माणसांनी प्रोजेक्टर लावून आमच्या पुलाच्या कॉम्प्युटर मॉडेलचं रंगीत चित्र दाखवलं तेव्हा मी शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसलो होतो. पडद्यावर पूल निळा, थोडा हिरवा, मधे कुठेतरी पिवळसर. लाल कुठेच नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं निळं म्हणजे काय हो, तर उत्तर आलं, "निळं म्हणजे सेफ." झालं, सगळे हायसं वाटून चहाकडे गेले. आणि आठ दिवसांच्या आत पुलाच्या दोन्ही टोकांचे जड वाहनांना बंदीचे बोर्ड काढले गेले. आता रात्री अकरानंतर टिपर जातात, चिरे, रेती, खडी, एकामागून एक, आणि खाणींचं काम नीट सुरू झालं की खनिजाचे ट्रकपण ह्याच वाटेने जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

पुलाचं नाव आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुणा एका इंजिनियरची नोकरी घालवायची नाहीये. तुम्हाला कुठला पूल ते कळलंय, गावातल्यांनाही कळेल, आणि बाकीच्यांनी आपापल्या गावचा पूल डोळ्यासमोर आणावा.

आधी सांगतो मी कोण आणि मला काय पडलंय. 5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल पडला तेव्हा मी पणजीला डिप्लोमा करत होतो. जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा पूल, प्रीस्ट्रेसचा, त्या काळी गोव्याची शान, आणि एका दिवसात आम्ही सगळे बेतीच्या फेरीबोटीच्या लाईनीत. आतल्या केबल खाऱ्या हवेने गंजल्या असं पुढे सगळीकडे ऐकलं. भर पावसात छत्री धरून फेरीबोटीची वाट बघत उभं राहण्यात माझी दोन वर्षं गेली, त्यामुळे पूल पडणे ही गोष्ट मला पेपरात वाचून माहीत नाही. 1989 ला नोकरी लागली ती ह्याच आमच्या पुलाच्या साईटवर, सुपरवायझरच्या हाताखाली, वय एकवीस. गर्डरच्या, म्हणजे पुलाचा रस्ता ज्यांवर बसतो त्या लांब तुळयांच्या, केबल ताणायच्या तेव्हा जॅकचं प्रेशर आणि केबल किती ताणली गेली ते वहीत लिहायचं, हे माझं काम. ती वही अजून माझ्याकडे आहे. सगळं पत्र त्या वहीमुळेच लिहितोय.

ज्यांना प्रीस्ट्रेस म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवायचा, ती थंड झाली की आकसून चाकाला असं आवळून धरायची की गाडीवर वजन आलं तरी चाकाचे सांधे उघडत नसत. काँक्रीटचंही तसंच आहे, दाब कितीही सोसेल पण ताण आला की तडकतं. म्हणून गर्डरच्या पोटातून पत्र्याच्या नळ्या, आम्ही शीथिंग म्हणायचो, झोळ दिलेल्या दोरीसारख्या खाली वाकवून नेतात, त्यातून पोलादी तारा ओवतात, दोन्ही टोकांना जॅक लावून ताणतात आणि पाचर मारून धरतात. काँक्रीट आधीच इतकं आवळलेलं असतं की वरून ट्रक गेला तरी खालच्या बाजूला ताण येत नाही, आधीचा दाब फक्त कमी होतो. पहिला गर्डर ताणला तेव्हाचा आवाज मला आजही आठवतो, शटरिंगच्या फळ्या टक टक करत सुटल्या आणि चोवीस मीटरचं ते धूड मधून बोटभर वर उचललं गेलं. आमचा फोरमन म्हणाला, आता हा जिवंत झाला.

नंतर त्या नळ्यांमध्ये सिमेंटचं पातळ ग्राउट पंपाने भरतात. दुसऱ्या टोकाच्या भोकातून तेवढंच दाट ग्राउट बाहेर आलं की समजायचं नळी भरली. तारा गंजू नयेत आणि काँक्रीटशी एकजीव व्हाव्यात म्हणून हे सगळं.

आता वहीतलं एक पान. तिसरा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला तिसरा भाग, चार नंबरचा गर्डर, जून महिना, पाऊस सुरू झालेला. सात केबलपैकी तीन नंबरची केबल ताणली, हिशोबाने 128 मिमी ताणली जायला हवी होती, आली 112. म्हणजे साडेबारा टक्के कमी. पाच टक्क्यांच्या वर फरक आला की थांबून कारण शोधायचं असा नियम तेव्हाही होता. नळीत कुठेतरी सिमेंटची गळती जाऊन तारा अडकल्या असणार, प्रेशर जॅकपाशी पूर्ण दिसतंय पण ओढ मधल्या भागापर्यंत पोचतच नाहीये. सुपरवायझर म्हणाला उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तोच गर्डर ग्राउट करायला घेतला, पंप चोक झाला, तीन आणि पाच नंबरच्या केबलच्या दुसऱ्या टोकातून ग्राउट आलंच नाही, लाकडी बूच मारलं आणि रजिस्टरला लिहिलं, फुल. रजिस्टरमधलं अक्षर माझं आहे साहेब. वहीत खरं लिहिलं आणि रजिस्टरमध्ये सांगितलं ते लिहिलं. एकवीस वर्षांच्या पोराची काय हिंमत वगैरे मी स्वतःला खूप समजावलं, ते असो.

म्हणून त्या दिवशी चहाच्या वेळी मी तुमच्या मॉडेलवाल्या पोराला विचारलं की बाबा केबलमधली ओढ किती धरलीस? पोरगा सरळ होता, म्हणाला ड्रॉइंगप्रमाणे. ग्राउट? म्हणाला परफेक्ट बाँड, म्हणजे तारा काँक्रीटला सगळीकडे पूर्ण चिकटलेल्या. म्हणजे माझ्या त्या खोट्या "फुल" वर पस्तीस वर्षांनी तुमचं निळं चित्र उभं आहे.

मी माहितीच्या अधिकारात रिपोर्ट मागितला. चौदा पानं मिळाली, त्यातली सहा फोटोंची आणि चार रंगीत चित्रांची, तीपण झेरॉक्स काळीपांढरी, म्हणजे निळं काय आणि लाल काय सगळं राखाडीच. इनपुटच्या फाईली दिल्या नाहीत. जे हातात आलं त्यावरून बोलतो, चुकलो तर सगळ्यांसमोर चूक दाखवा.

पहिलं म्हणजे पोलादच चुकलंय. टेबलात लिहिलंय 12.7 मिमीचा स्ट्रँड, म्हणजे पीळ दिलेल्या तारांचा दोर, ताकद 1860 मेगापास्कल, लो रिलॅक्सेशन. साहेब, आमच्या पुलात स्ट्रँड नाहीच. एका केबलमध्ये 7 मिमीच्या बारा सुट्या तारा आहेत, टोकाला शंकूसारखी पाचर मारून धरलेल्या, त्या काळी बहुतेक ठिकाणी तसंच असायचं, आणि त्या तारेची ताकद ह्यापेक्षा बरीच कमी. ताणून धरलेली तार कालांतराने आपोआप सैल पडते, तिला रिलॅक्सेशन म्हणतात, जुन्या तारांना हजार तासांच्या टेस्टमध्ये पाच टक्क्यांपर्यंत चालायचं, आजच्या स्ट्रँडला अडीच. सॉफ्टवेअर उघडल्यावर जे मटेरियल आधीच भरलेलं येतं तेच ठेवून पुढे गेलेले दिसताय, दुसरं काही मला सुचत नाही.

डांबराचं तर हसू येतं. मॉडेलमध्ये वरचा थर 65 मिमी. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत प्रत्येक इलेक्शनच्या आधी आमच्या पुलावर डांबर पडलंय, जुनं कधी खरवडलं नाही, वरूनच ओतलं. फुटपाथची कड पूर्वी वीतभर उंच होती, आता चार बोटं उरलीय, तुम्हीच टेप लावून बघा. शंभर मिमी जास्तीचं डांबर म्हणजे चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास, साडेसात मीटर रुंदीच्या चोवीस मीटर गाळ्यावर चाळीस टन होतात. भरलेला टिपर कायमचा पार्क करून ठेवल्यासारखं झालं, आणि त्याच्यावरून वर खरे टिपर.

बेअरिंगचं, म्हणजे खांबावर गर्डर ज्यांवर टेकतो त्या सरकत्या बैठकांचं, फार लिहीत नाही. मॉडेलमध्ये ती मोकळी सरकतात, प्रत्यक्षात शेवाळात आणि गंजात रुतलीयत, कुणीही खाली उतरून बघावं.

मी उतरलो. ओहोटीच्या वेळी शेजाऱ्याच्या होडीतून, मानशीच्या, म्हणजे भरतीचं पाणी अडवायच्या दरवाजाच्या, बाजूने तिसऱ्या गाळ्याखाली गेलो. चार नंबरच्या गर्डरच्या पोटाला आडवी, गर्डरच्या लांबीने जाणारी बारीक भेग आहे आणि तिच्यातून तांबूस ओघळ. वजनाने जी भेग पडते ती उभी असते, खालून वर जाणारी. ही केबलच्या वाटेवाटेने गेलीय. पोलाद गंजलं की फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं, हे मी तुम्हाला काय शिकवणार. मोबाईलवर फोटो काढले, तुमच्या माणसाला दाखवले, तो म्हणाला सरफेस स्टेन आहे. सरफेस स्टेन बरोबर केबलच्या रेषेत कसा आला हे त्याने सांगितलं नाही.

आणखी एक, पूर्वी पाऊस पडला की पुलावरचं पाणी दोन्ही टोकांना पळायचं कारण गर्डर मधून वर उचललेले होते. आता तिसऱ्या गाळ्याच्या मधोमध साचतं, दुचाकीवाले पाय वर घेऊन जातात. डांबर वरखाली पडल्यामुळे असेल, मान्य. पण नसेल तर? लेव्हल लावून बघायला अर्धा दिवस लागतो.

मी कॉम्प्युटरच्या विरोधात आहे असं कृपा करून कुणी म्हणू नका, माझी मुलगी पुण्याला हेच काम करते. गणेश चवथीला आली होती तेव्हा माटोळी, गणपतीवरची फळाफुलांची मांडणी, बांधून झाल्यावर रात्री लॅपटॉप उघडून आम्ही दोघांनी एक गर्डर बसवला, साधाच, घरगुती. पहिल्यांदा सातही केबल धडधाकट धरल्या. वरून ट्रक ठेवला तर गर्डरच्या तळाला अजून दोनेक मेगापास्कल दाब शिल्लक. मग तीन आणि पाच नंबर काढून टाकल्या. तळाला दाब जाऊन तेवढाच ताण आला. पण खरी गंमत पुढे आहे. ट्रक चढल्यावर होणारा जास्तीचा वाक दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच! कारण काँक्रीट तडकत नाही तोवर गर्डरचा ताठपणा काँक्रीटचा असतो, केबल किती शाबूत आहेत ते त्या वाकात दिसतच नाही. मी म्हटलं अगो, म्हणजे वजन ठेवून बघायची लोड टेस्टपण पास होईल की! ती म्हणाली हो बाबा, होऊ शकते, एक दिवस तडकेल तेव्हा मात्र एकदम. मला त्या रात्री झोप लागली नाही.

हे पुस्तकी भय नव्हे. वेल्समध्ये इनिस-अ-ग्वास नावाचा छोटा प्रीस्ट्रेस पूल 4 डिसेंबर 1985 ला काही इशारा न देता पडला, सांध्यांपाशी केबल गंजल्या होत्या. त्यानंतर 1992 ते 1996 ब्रिटनने ह्या पद्धतीचे, म्हणजे नळीत ग्राउट भरायचे, नवीन पूलच बंद ठेवले होते. पलाऊ बेटांवरचा कोरोर-बाबेलदाओब पूल 1977 चा, 241 मीटरचा मधला गाळा, काँक्रीट वर्षानुवर्षं वजनाखाली हळूहळू दबत जातं त्याला क्रीप म्हणतात, तो हिशोबात फार कमी धरला गेला आणि पूल मधून मीटरभराहून जास्त खाली बसला. दुरुस्ती केली, नव्याने केबल ताणल्या, आणि दुरुस्तीनंतर साधारण तीन महिन्यांत, 26 सप्टेंबर 1996 ला, कोसळला. पुढे प्राध्यापक बाझांत आणि त्यांच्या लोकांनी तोच पूल चांगल्या क्रीपच्या सूत्राने, सगळा त्रिमितीत बसवून परत कॉम्प्युटरवर घातला तर खाली बसण्याचं गणित बऱ्यापैकी जुळलं.

आणि नॉर्वेचं स्लाइपनर. समुद्रात तेल काढायचा काँक्रीटचा अजस्र प्लॅटफॉर्म, 23 ऑगस्ट 1991 ला टेस्ट चालू असताना बुडाला. फायनाइट एलिमेंटचं, म्हणजे बांधकामाचे जाळीसारखे छोटे तुकडे पाडून हिशोब करायचं, मॉडेल होतं, नावाजलेलं सॉफ्टवेअर होतं, पण नेमक्या नाजूक कोपऱ्यात जाळी जाड आणि वेडीवाकडी पाडली होती त्यामुळे तिथला शिअर, म्हणजे कात्रीसारखं कापणारं बळ, 47 टक्के कमी दाखवला गेला आणि भिंतीत सळया कमी पडल्या. नंतर नीट हिशोब केला तेव्हा उत्तर आलं की ती भिंत 62 मीटर पाण्याच्या दाबाला फुटेल. प्रत्यक्षात 65 ला फुटली. बघा, तीच पद्धत, काळजीने वापरली तर तीन मीटरच्या फरकाने खरं सांगते. आमच्या रिपोर्टमध्ये जाळीबद्दल एक ओळ नाही, गर्डरची टोकं, जिथे सगळ्या केबलची ओढ येऊन बसते, ती तर तपासलीच नाहीत, सगळा गर्डर म्हणजे एक काठी धरलीय.

तर माझ्या मागण्या. मोर्चा नाही, रस्ता रोको नाही, साध्या आहेत.

बंदीचे बोर्ड उद्याच्या उद्या परत लावा. पुढचं सगळं होईपर्यंत बस, दुचाकी, कार एवढंच. सकाळच्या कदंब बसमध्ये आमची शाळेची पोरं असतात, माझी नात त्यातच आहे.

तिसऱ्या गाळ्याचा चार नंबरचा गर्डर उघडा. तीन आणि पाच नंबरच्या केबलवर नळी वर येते तिथे आणि सगळ्यात खाली असते तिथे बारीक भोकं पाडून कॅमेरा आत घाला, ग्राउट आहे की पोकळ आहे, तारा किती खाल्ल्यात ते बघा. मग बाकीच्या गर्डरांमध्येही जमतील तितक्या ठिकाणी. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, भोक पाडून बघा.

सगळ्या गाळ्यांची लेव्हल घ्या, डांबराची जाडी मोजा, काँक्रीटचे कोअर, म्हणजे तपासणीसाठी गोल तुकडे, काढा. मिळतील ते आकडे घालून मॉडेल परत चालवा, आणि एकच उत्तर नको, केबल शाबूत असतील तर काय, दोन गेल्या असतील तर काय, चार गेल्या तर काय, असं सगळं मांडा. मग लोड टेस्ट करा, नियमाप्रमाणे वजन उतरवल्यावर चोवीस तासांत प्रीस्ट्रेसचा पूल 85 टक्के परत वर यायला हवा, तेही बघा, पण फक्त त्या टेस्टवर पास म्हणू नका, का ते वर लिहिलंय.

रिपोर्ट इनपुटसकट पंचायतीत ठेवा, मराठीत चार पानं गोषवारा करून, कोंकणीतही. आणि दुसऱ्या कुठल्यातरी इंजिनियरकडून, ज्याचा पहिल्या रिपोर्टशी संबंध नाही अशाकडून, तपासून घ्या.

पैसे नाहीत म्हणू नका साहेब. 2019 ला आपण मांडवीवर अटल सेतू उभा केला, झुआरीवर नवीन केबल-स्टेचा पूल झाला, तिथे कॉम्प्युटरवर एकेक टप्प्याचा हिशोब झाल्याशिवाय एक तुकडा वर चढला नसेल. तेवढ्यातलं शंभराव्या हिश्श्याचं लक्ष आमच्या चोवीस मीटरच्या गाळ्याला मिळालं तरी पुष्कळ. त्या मोठ्या पुलांवरून मंत्री जातात, आमच्यावरून पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलने पाव घेऊन जातो, एवढाच काय तो फरक असू नये.

रजिस्टरमध्ये खोटं लिहिल्याबद्दल माझ्यावर जी काय कारवाई करायची ती करा, मी लेखी द्यायला तयार आहे. वहीच्या पानांचे फोटो ह्या पत्रासोबत तुमच्या ऑफिसात दिलेत, पोच घेतलीय. मूळ वही मात्र मी देणार नाही, हरवते. तुमच्या माणसाला घरी पाठवा, समोर बसून पान पान दाखवतो, होडीचीही सोय करतो, फक्त येण्याआधी ओहोटीची वेळ बघून या आणि जूनच्या आधी या, नंतर त्या गाळ्याखाली होडी जात नाही.

आपला,
1989 सालचा वही लिहिणारा